तलवारीची मूठ कुणाच्या हाती?

‘आयएनएस तुशील’ ही क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट ९ डिसेंबर २०२४ रोजी रशियातील कालिनिनग्राद येथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत भारतीय नौदलात दाखल झाली. या जहाजाचा सांगाडा रशियाच्या गोदीत उभा राहिला, त्याला वेग देणारी गॅस टर्बाइने युक्रेनमध्ये घडली आणि त्यावर ध्वज फडकला तो भारताचा. ज्या दोन देशांत फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण युद्ध पेटले आहे, त्यांची कारागिरी एकाच जहाजाच्या पोटात शेजारी शेजारी नांदते आहे. राजनैतिक कौशल्याचा नमुना म्हणून या घटनेचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. तथापि, या कौतुकाआड एक अधिक जुना आणि अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे. युद्धनौकेचे आयुष्य तीस वर्षांचे आणि त्याहूनही अधिक असते. या तीस वर्षांत तिला लागणारे सुटे भाग कोण देणार, कोणत्या किमतीला देणार आणि ऐन गरजेच्या वेळी देणार की नाही, हा तो प्रश्न होय.

तलवार वर्गातील फ्रिगेटींचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचा वस्तुपाठच आहे. जहाज विकत घेणे म्हणजे केवळ पोलाद, तोफा आणि क्षेपणास्त्रे विकत घेणे नव्हे. त्यांच्यामागील शेकडो कारखान्यांशी दीर्घकाळाचे नाते जोडणे होय. ते कारखाने ज्या देशात आहेत त्या देशाचे भवितव्य बदलले, की जहाजाचेही भवितव्य बदलते.

क्रिवाकचा वारसा

तलवार वर्गाचे मूळ सोव्हिएत काळात सापडते. पाणबुड्यांचा शोध घेऊन त्यांचा नाश करणारी नौका म्हणून सोव्हिएत नौदलाने ‘प्रकल्प ११३५’ हाती घेतला. या मालिकेतील पहिले जहाज ‘ब्दितेल्नी’ १९७० च्या अखेरीस सेवेत आले. पाश्चात्त्य जगाने या नौकांना ‘क्रिवाक’ असे नाव दिले. लेनिनग्राद, कालिनिनग्राद आणि क्रिमियातील केर्च येथील गोद्यांत या नौका बांधल्या गेल्या. याच वर्गातील ‘स्तोरोझेवोय’ या जहाजावर नोव्हेंबर १९७५ मध्ये वालेरी साब्लिन या अधिकाऱ्याने बंड केले आणि ते जगभर गाजले. फेब्रुवारी १९८८ मध्ये काळ्या समुद्रात अमेरिकेच्या ‘यॉर्कटाऊन’ या क्रूझरला अंगाने धडक देऊन मागे सारू पाहणारे ‘बेझझावेत्नी’ हे जहाजही क्रिवाकच होते.

१९८० च्या दशकात सोव्हिएत सीमारक्षक दलासाठी या आराखड्याची एक सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यावर हेलिकॉप्टरसाठी सोय करण्यात आली होती. सेंट पीटर्सबर्गच्या ‘सेव्हेर्नोये’ या संरचना संस्थेने पुढे याच आवृत्तीचा पाया घेऊन भारतासाठी ‘प्रकल्प ११३५.६’ तयार केला. रडारच्या लहरी कमीत कमी परावर्तित व्हाव्यात म्हणून जहाजाच्या वरच्या भागाची घडण बदलण्यात आली. शस्त्रास्त्रेही जवळजवळ सर्व नवी बसवण्यात आली. त्यामुळे जुन्या क्रिवाकशी नाते असले, तरी समोर उभे राहिले ते वेगळेच जहाज होते.

या बदलाला भारताची निकड कारणीभूत होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि भारतीय नौदलाच्या भांडारांत खळबळ उडाली. तोपर्यंत एकाच सरकारकडे एकच मागणीपत्र धाडले की काम होत असे. आता तेच कारखाने वेगवेगळ्या स्वतंत्र देशांत विखुरले गेले. कुठे कारखान्याचे नाव बदलले, कुठे मालकी बदलली, तर कुठे वेतनाअभावी कारागीर निघून गेले. नौदलाच्या ‘राजपूत’ वर्गातील पाचही विनाशिका मिकोलायिव्ह येथे बांधल्या गेल्या होत्या. रशियन भाषेत निकोलायेव्ह म्हणून ओळखले जाणारे हे शहर आता युक्रेनचे झाले. ज्या शहरात जहाज जन्मले ते शहरच दुसऱ्या देशात गेले, असा हा विलक्षण प्रसंग होता. त्याचे पडसाद पुढील तीन दशके उमटत राहिले.

बाल्टिक ते अरबी समुद्र

नव्वदच्या दशकात भारताच्या स्वतःच्या गोद्यांतील कामे रेंगाळली होती आणि जुन्या नौका निवृत्तीला आल्या होत्या. ही पोकळी भरून काढण्यासाठी नोव्हेंबर १९९७ मध्ये रशियाशी तीन फ्रिगेटींचा करार झाला. त्याची किंमत सुमारे एक अब्ज डॉलर होती. सेंट पीटर्सबर्गच्या ‘बाल्टिक’ गोदीत बांधणी सुरू झाली. पहिले जहाज २००२ मध्ये मिळणे अपेक्षित होते. परंतु ‘श्तिल’ या विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणेच्या चाचण्यांत दोष आढळले आणि ते दूर होईपर्यंत भारताने जहाज ताब्यात घेतले नाही. अखेर जून २००३ मध्ये ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’, तर एप्रिल २००४ मध्ये ‘तबर’ नौदलात दाखल झाल्या.

या नौकांची लांबी सुमारे १२५ मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे ४,००० टन आहे. कमाल वेग ताशी ३० सागरी मैलांच्या आसपास. उभ्या नळ्यांतून सुटणारी ‘क्लब’ जातीची आठ क्षेपणास्त्रे, विमानवेधी ‘श्तिल’, शंभर मिलिमीटरची तोफ, पाणतीर, पाणबुडीविरोधी अग्निबाण आणि एक हेलिकॉप्टर, असा त्यांचा सरंजाम होता. तबर म्हणजे परशू. त्या परशूचे नाव नोव्हेंबर २००८ मध्ये जगभर पोहोचले. एडनच्या आखातात सोमाली चाच्यांच्या नौकेशी तिची चकमक झाली आणि ती नौका बुडाली. ती मूळची थायलंडची मासेमारी नौका होती आणि चाच्यांनी तिचे अपहरण केले होते, हे नंतर उघड झाले.

पहिल्या तीन जहाजांचा अनुभव जमेस धरून जुलै २००६ मध्ये आणखी तीन नौकांचा करार झाला. या वेळी काम कालिनिनग्रादच्या ‘यांतार’ गोदीकडे गेले. ‘तेग’, ‘तर्कश’ आणि ‘त्रिकंड’ या नौका २०१२ आणि २०१३ या वर्षांत दाखल झाल्या. त्यांच्यावर ‘क्लब’ऐवजी भारत-रशिया संयुक्त प्रकल्पातून आलेले ‘ब्राह्मोस’ होते. २०१५ मध्ये युद्धग्रस्त येमेनमधून भारतीयांना सोडवून आणण्याच्या मोहिमेत ‘तर्कश’ सहभागी होती. जुलै २०२४ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ उलटलेल्या तेलवाहू जहाजावरील नऊ खलाशांचे प्राण ‘तेग’ने वाचवले. अशा वेळी जहाज तत्काळ निघू शकले, यामागे कुणीतरी वेळेवर बदललेला एखादा पंप, एखादी झडप, एखादे सील असते. त्याची बातमी मात्र कधी होत नाही.

सुटा भाग म्हणजे काय?

शिडाच्या काळात हा प्रश्न एवढा जटिल नव्हता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानात घडवलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. अशा जहाजाची डोलकाठी मोडली, तर कोणत्याही बंदरात लाकूड मिळे आणि जहाजावरचा सुतार ते तासून बसवी. शीड फाटले तर ते शिवता येई. जहाज ज्या द्रव्याचे बनले होते, ते जगभर उपलब्ध होते.

आजच्या फ्रिगेटीत लहानमोठे लक्षावधी भाग असतात. त्यांतील अनेक भाग जगात एकाच कारखान्यात तयार होतात. स्थूलमानाने त्यांचा साठा दोन पातळ्यांवर ठेवला जातो. पहिला साठा जहाजावरच असतो. भर समुद्रात बिघाड झाला तर नौसैनिकांना स्वतः बदलता येतील असे फ्यूज, गाळण्या, बेअरिंग, इलेक्ट्रॉनिक पट्ट्या त्यात असतात. दुसरा साठा किनाऱ्यावरच्या भांडारांत असतो. पश्चिम किनाऱ्यावरील नौकांसाठी मुंबईत घाटकोपर येथे नौदलाचे मोठे सामग्री भांडार आहे. गोदीतील मोठ्या दुरुस्तीच्या वेळी, ज्याला नौदलात ‘रिफिट’ म्हणतात, लागणारे जड आणि महागडे भाग तेथून येतात.

येथेच खरी कसोटी लागते. कोणता भाग केव्हा निकामी होईल, हे कुणालाच नेमके सांगता येत नाही. वारंवार झिजणाऱ्या भागांचा अंदाज बांधता येतो. पण वीस वर्षांत एखाद्या वेळीच मोडणारा भाग घेऊन ठेवावा की नाही, हे कोडे असते. घेतला तर कोट्यवधी रुपये भांडारात गंजत पडतात. न घेतला आणि तोच मोडला, तर जहाज धक्क्याला खिळून राहते. शिवाय रबराची सील, दारूगोळ्याचे प्रज्वलक, विजेऱ्या अशा अनेक वस्तूंना मुदत असते. त्या नुसत्या ठेवूनही निरुपयोगी होतात.

दुसरी अडचण किमतीची. जहाज विकताना अनेक देश स्पर्धेत असतात, म्हणून विक्रेता नमते घेतो. एकदा जहाज विकले गेले की सुट्या भागांसाठी ग्राहकाला दुसरे दार उरत नाही. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण अशा व्यवहारात अक्षरशः खरी ठरते. एखाद्या भागाचे दोनच नग हवे असतात, तेवढ्यासाठी कारखाना साचा पुन्हा लावायला तयार नसतो आणि मग अधिक नगांची सक्ती होते किंवा दोन वर्षांची मुदत मागितली जाते. नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीला होणाऱ्या विलंबाची दखल महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांतून घेतली आहे. सुटे भाग वेळेवर न मिळणे हे त्यातील एक कारण आहे.

तिसरी अडचण काळाची. तोफेची नळी तीस वर्षे टिकते. पण रडारमागच्या संगणकातील चिप दहा वर्षांत बाजारातून नाहीशी होते. यंत्रणा चांगली असते, तरीही तिचा एक क्षुल्लक भाग जगात कुठेच बनत नाही म्हणून ती मोडीत काढावी लागते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असा अनुभव जगातील प्रत्येक नौदलाने घेतला आहे.

हृदय मिकोलायिव्हचे

तलवार वर्गाच्या बाबतीत हे सर्व प्रश्न एका यंत्राभोवती एकवटले आहेत आणि ते म्हणजे गॅस टर्बाइन. जहाजावर अशी चार टर्बाइने असतात. दोन लहान टर्बाइने संथ प्रवासासाठी आणि दोन मोठी टर्बाइने पूर्ण वेगासाठी. दातेरी चक्रांच्या पेटीतून त्यांची शक्ती दोन आसांवर आणि तेथून पंख्यांवर जाते. शांत गस्तीच्या वेळी लहान टर्बाइने चालवून इंधन वाचवायचे आणि शत्रू दिसताच मोठी जोडायची, अशी ही योजना. ही टर्बाइने मिकोलायिव्ह येथील ‘झोर्या-माशप्रोयेक्त’ या कारखान्यात बनतात. सोव्हिएत काळात तेथील नौदलाच्या मोठ्या जहाजांची टर्बाइने बनवण्याचे काम मुख्यतः याच कारखान्याकडे होते. रशियाने जहाजे बांधण्याच्या गोद्या राखल्या, परंतु त्यांचे हृदय घडवणारा कारखाना १९९१ मध्ये सीमेपलीकडे राहिला.

गॅस टर्बाइनचे तत्त्व विमानाच्या जेट इंजिनासारखेच आहे. हवा आत ओढून ती दाबायची, तीत इंधन जाळायचे आणि बाहेर झेपावणाऱ्या तप्त वायूने पाती फिरवायची. समुद्रावर मात्र आत येणारी हवा खारट असते. गाळण्यांतून निसटलेला क्षार आणि इंधनातील गंधक यांचा तप्त पात्यांवर परिणाम होऊन धातू कुरतडला जातो. म्हणून ही पाती निकेलच्या विशेष मिश्रधातूची असतात आणि त्यांच्यावर संरक्षक लेप असतो. मिश्रधातूचे नेमके प्रमाण, ओतकामाची पद्धत, लेपाची जाडी, ही कारखान्याची गुपिते असतात. पात्याचे माप घेऊन हुबेहूब दिसणारे पाते बनवता येईल; पण ते हजारो तास तापमान सोसेल याची हमी मापावरून मिळत नाही.

ठरलेले तास पूर्ण झाले की टर्बाइनची संपूर्ण उकल करून तपासणी करावी लागते. हे काम जहाजाच्या पोटात होत नाही. टर्बाइन बाहेर काढून कार्यशाळेत पाठवले जाते आणि त्याच्या जागी दुरुस्त केलेले दुसरे बसवले जाते. म्हणजेच जहाजांपेक्षा टर्बाइनांची संख्या अधिक हवी आणि त्यांची फेरी अखंड चालू हवी. या फेरीतील एक कडी तुटली, तर जहाज बाहेरून कितीही झळाळत असले तरी ते बंदरातच राहते.

आणि ही गोष्ट केवळ तलवार वर्गापुरती मर्यादित नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘दिल्ली’, ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम’ या तिन्ही वर्गांतील विनाशिकांची मुख्य टर्बाइनेही मिकोलायिव्हचीच आहेत. भारतीय बनावटीच्या म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगतो, त्या नौकांच्या हृदयाची नाळही त्याच शहराशी जोडलेली आहे. ‘शिवालिक’ आणि नव्या ‘निलगिरी’ वर्गातील फ्रिगेटींवर मात्र अमेरिकी बनावटीची टर्बाइने आहेत.

२०१४ चा घाव

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला. त्याच वर्षी जून महिन्यात युक्रेनचे अध्यक्ष पेत्रो पोरोशेन्को यांनी रशियाशी असलेले लष्करी सहकार्य थांबवले. त्याचा फटका सर्वप्रथम खुद्द रशियाला बसला. भारतासाठी विकसित केलेला तलवार वर्गाचा आराखडा एवढा यशस्वी ठरला होता, की रशियाने आपल्या काळ्या समुद्रातील आरमारासाठी त्याच धर्तीवर सहा फ्रिगेटी बांधायला घेतल्या होत्या. त्यांपैकी ‘अ‍ॅडमिरल ग्रिगोरोविच’, ‘अ‍ॅडमिरल एसेन’ आणि ‘अ‍ॅडमिरल माकारोव’ या तीन नौकांची टर्बाइने आधीच हाती आली होती. त्या २०१६ आणि २०१७ मध्ये सेवेत आल्या. उरलेल्या तीन सांगाड्यांना मात्र टर्बाइने मिळेनात. पोलाद उभे होते, शस्त्रे तयार होती आणि जहाजे धक्क्यावर निपचित पडून होती.

या कोंडीतून भारताच्या वाट्याला एक संधी आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यात झालेल्या भारत-रशिया शिखर परिषदेत चार फ्रिगेटींबाबत समझोता झाला. दोन नौका यांतार गोदीत पूर्ण करायच्या आणि दोन गोवा शिपयार्डमध्ये बांधायच्या, असे ठरले. ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्या दोन नौकांचा सुमारे ९५ कोटी डॉलरचा करार झाला. टर्बाइने भारताने युक्रेनकडून स्वतः विकत घेतली आणि रशियन गोदीला पुरवली. युक्रेनने ती भारताला विकली, रशियाने ती भारताच्या जहाजात बसवली. दोन्ही वैऱ्यांनी तिसऱ्याच्या घरी शेजारी बसून जेवावे, तसा हा प्रकार होता. त्यातून ‘तुशील’ आणि १ जुलै २०२५ रोजी दाखल झालेली ‘तमाल’ या नौका साकारल्या. या दोन्ही नौकांवर भारतीय सामग्रीचे प्रमाण २६ टक्क्यांवर गेले असून भारतात बनलेल्या यंत्रणांची संख्या ३३ आहे. परदेशी गोदीत बांधून घेतलेली ‘तमाल’ ही अशा प्रकारची अखेरची युद्धनौका ठरावी, असे नौदलाचे धोरण आहे.

परंतु टर्बाइन एकदा मिळणे वेगळे आणि त्याचे सुटे भाग तीस वर्षे मिळत राहणे वेगळे. २०२२ मध्ये रशियाने पूर्ण आक्रमण केले, तेव्हा मिकोलायिव्ह कित्येक महिने थेट माऱ्याखाली होते. कारखाना युद्धाच्या छायेत, बंदर बंद, वाहतूक विस्कळीत. दुसऱ्या बाजूला रशियाच्या प्रमुख बँका आंतरराष्ट्रीय व्यवहार यंत्रणेतून वगळल्या गेल्याने, पैसे तयार असूनही ते पोहोचवायचे कसे, हा पेच उभा राहिला. रशियाचा स्वतःचा संरक्षण उद्योगही आपल्याच सैन्याच्या मागण्यांत गुंतला. एकाच जहाजाचे दोन पुरवठादार एकाच वेळी आणि एकमेकांमुळेच अडचणीत आले.

एक वर्ग, अनेक जहाजे

नौदलात ‘वर्ग’ ही कल्पना मुळात सुट्या भागांच्या सोयीसाठीही महत्त्वाची आहे. दहा जहाजे एकसारखी असतील, तर भाग एकच, प्रशिक्षण एकच, हस्तपुस्तिका एकच. मात्र तलवार वर्गातील नौका तीन टप्प्यांत आणि तीन करारांनी आल्या. पहिल्या तीन नौकांवर जवळून येणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून बचावासाठी तोफा आणि क्षेपणास्त्रे यांची जोड असलेली ‘काश्तान’ यंत्रणा आहे. पुढील तीन नौकांवर त्याऐवजी एके-६३० या जलदगती तोफा आल्या. पहिल्या तुकडीसाठी ‘क्लब’, तर नंतर ‘ब्राह्मोस’. संपर्क यंत्रणा, सोनार, विद्युत सामग्री यांतही दर टप्प्याला भारतीय वाटा वाढत गेला. प्रत्येक बदल आपापल्या जागी समर्थनीयच होता. एकत्रित परिणाम असा, की नाव एक असले तरी भांडारातील याद्या वेगळ्या झाल्या. ‘काश्तान’चा भाग केवळ तीन जहाजांसाठी ठेवावा लागतो आणि ज्या भागाला ग्राहक तीनच, त्याचा उत्पादकही उदासीन असतो.

भाग मिळत नसला, की दुरुस्तीला आलेल्या जहाजातून तो काढून समुद्रावर निघालेल्या जहाजात बसवायचा, हा मार्ग जगभरची नौदले अवलंबतात. तातडीच्या प्रसंगी तो टाळता येत नाही. पण त्यात एक काम तीनदा करावे लागते: एकदा काढणे, एकदा बसवणे आणि नवा भाग आल्यावर मूळ जहाजात पुन्हा बसवणे. प्रत्येक वेळी आणखी काही मोडण्याची भीती असतेच.

अमेरिकेच्या ‘ऑलिव्हर हॅझर्ड पेरी’ वर्गाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. या वर्गाच्या एकूण ७१ फ्रिगेटी अनेक देशांत बांधल्या गेल्या, त्यांपैकी ५१ अमेरिकी नौदलासाठी. अमेरिकेने २०१५ मध्ये आपली अखेरची पेरी निवृत्त केली. पण तुर्कस्तान, पोलंड, इजिप्त, तैवान यांच्याकडे निवृत्त जहाजे गेली आणि पुढेही चालत राहिली. तुर्कस्तानने तर ‘डंकन’ हे निवृत्त जहाज केवळ सुटे भाग काढण्यासाठी घेतले. तब्बल ७१ नौकांचा वर्ग असल्यामुळे जुनी जहाजे हाच सुट्या भागांचा साठा होऊ शकला. तलवार वर्गाला ही चैन नाही. गोव्यातील दोन धरून भारताच्या दहा आणि रशियाच्या तीन, एवढाच तिचा गोतावळा आहे.

घरची कार्यशाळा

या परावलंबनाची जाणीव नौदलाला पूर्वीपासून आहे. विशाखापट्टणम येथील ‘आयएनएस एक्सिला’ हे त्याचे ठळक उदाहरण. नाव जहाजासारखे असले, तरी ही किनाऱ्यावरील कार्यशाळा आहे. २००० मध्ये नौदलात दाखल झालेल्या या केंद्रात जहाजांवरील गॅस टर्बाइनांची संपूर्ण उकल, दुरुस्ती आणि चाचणी होते. टर्बाइन दुरुस्तीसाठी मिकोलायिव्हला धाडण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली. मात्र कार्यशाळा घरची असली, तरी तप्त भागातील पाती आणि अन्य सामग्री बाहेरून येत राहिली, तर स्वावलंबन अर्धेच राहते.

सप्टेंबर २०१९ मध्ये व्लादिवोस्तोक येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांच्या भेटीत, रशियन आणि सोव्हिएत मूळ असलेल्या शस्त्रसामग्रीचे सुटे भाग भारतात संयुक्तपणे बनवण्याचा करार झाला. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘सृजन’ हे संकेतस्थळ सुरू केले. आयात होणाऱ्या भागांची यादी तेथे भारतीय उद्योगांसमोर मांडली जाते आणि ज्यांना ते बनवणे शक्य आहे त्यांनी पुढे यावे, अशी अपेक्षा असते. पंप, झडपा, विद्युत मोटारी, केबल, रबरी भाग अशा वस्तू लघुउद्योगही बनवू शकतात. अडचण येते ती प्रमाणपत्राची आणि मागणीच्या अल्प संख्येची. वर्षाला चार नग घेणाऱ्या ग्राहकासाठी उद्योजकाने साचा आणि चाचणीचा खर्च का करावा, याचे उत्तर दीर्घ मुदतीच्या खरेदीच्या हमीतच सापडू शकते.

टर्बाइनांच्या बाबतीत एक पाऊल पुण्यातून पडले आहे. भारत फोर्जने २०२४ मध्ये झोर्या-माशप्रोयेक्तच्या भारतातील कंपनीचे ५१ टक्के भागभांडवल घेण्याचा करार केला. घडीव आणि ओतीव धातूकामाचा अनुभव असलेला उद्योग आणि टर्बाइनचे ज्ञान असलेला कारखाना एकत्र येणे, ही योग्य दिशा आहे. त्यातून कोणते भाग, किती काळात आणि कोणत्या दर्जाचे भारतात बनू लागतात, यावर तिचे खरे मोल ठरेल.

वास्को येथील गोवा शिपयार्डची भूमिकाही या साखळीत महत्त्वाची आहे. पोर्तुगीज राजवटीत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या गोदीने ‘त्रिपुट’ ही फ्रिगेट जुलै २०२४ मध्ये, तर ‘तवस्य’ मार्च २०२५ मध्ये जलावतरित केली. ज्या गोदीने जहाजाचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक नळी आणि प्रत्येक तार स्वतः बसवली आहे, तिला पुढे त्याची दुरुस्तीही अधिक आत्मविश्वासाने करता येते. आराखडे, मापे आणि चाचणीच्या पद्धती हाती येतात. नौकाबांधणीतील हा न दिसणारा लाभ कित्येकदा जहाजाच्या किमतीहून मोठा असतो.

मोजमाप कशाचे?

संरक्षण खरेदीची चर्चा आपल्याकडे किती जहाजे, किती क्षेपणास्त्रे आणि किती कोटी या तीन आकड्यांभोवती फिरते. जहाज दाखल होण्याचा सोहळा होतो, छायाचित्रे झळकतात. मात्र नौदलाचे खरे बळ, एखाद्या दिवशी दहांपैकी किती जहाजे नांगर उचलून निघू शकतात, यावर ठरते. दहा जहाजे असून चार धक्क्याला असतील, तर नौदल सहा जहाजांचेच असते.

म्हणूनच पुढील करार करताना जहाजाच्या किमतीइतकेच लक्ष तीन बाबींकडे देणे अगत्याचे ठरते. महत्त्वाच्या भागांचे आराखडे आणि ते भारतात बनवण्याचा हक्क मूळ करारातच मिळवणे ही पहिली बाब. एका यंत्रासाठी एकाच देशावर विसंबण्याची वेळ येऊ न देणे ही दुसरी. आणि जहाजांच्या लागोपाठच्या तुकड्यांत शक्य तेवढी समानता राखणे ही तिसरी. यांपैकी कोणतीही गोष्ट जहाज विकत घेतल्यानंतर सहजी पदरात पडत नाही, कारण तोवर सौद्यातील वरचष्मा विक्रेत्याकडे गेलेला असतो.

तलवार वर्गातील नौकांनी दोन दशकांहून अधिक काळ भारताच्या सागरी हिताचे रक्षण केले आहे आणि त्यांतील नव्या नौका आणखी कित्येक वर्षे करणार आहेत. आराखड्याची गुणवत्ता त्यांनी सिद्ध केली. त्याचबरोबर एक कठोर सत्यही त्यांनी शिकवले आहे. तलवारीचे पाते कितीही धारदार असो, तिची मूठ ज्याच्या हाती असते, तोच ती उपसायची केव्हा हे ठरवतो. सुटा भाग ही त्या मुठीची खीळ आहे. ती खीळ घरच्या भात्यावर घडू लागेल, तेव्हाच तलवार सर्वार्थाने आपली होईल.